पुढच्या ब्रेकची भीती सोडू या
(प्राचार्यांच्या लेखणीतून)





"पुढचा ब्रेक मारू नको, पडशील." दुचाकी शिकवताना आपल्याकडे घराघरांत सांगितले जाणारे हे बहुधा पहिले वाक्य. काका सांगतात, मामा सांगतात, शेजारचा दादाही सांगतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण या वाक्याने मुलाच्या मनात जी भीती बसते, ती पुढे तीस-चाळीस वर्षे निघत नाही, आणि नेमक्या गरजेच्या क्षणी हात पुढच्या ब्रेककडे जातच नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की हे वाक्य आता आपल्या घरांतून निवृत्त व्हावे. विषय थोडा तांत्रिक आहे, पण अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पलीकडचा नाही, तेव्हा कंटाळा न करता शेवटपर्यंत वाचावे अशी विनंती.

प्रथम आकडे पाहू, म्हणजे हा विषय शाळेच्या वार्तापत्रात का, हे कोणी विचारणार नाही. केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. म्हणजे शंभरांत चव्वेचाळीस-पंचेचाळीस. अपघातांच्या संख्येत आपला मध्यप्रदेश त्या वर्षी तामिळनाडूच्या खालोखाल दुसरा होता, ५४,४३२ अपघात. ज्या गोष्टीत पहिला-दुसरा नंबर येऊ नये, तिथे आपण बरोबर येतो. असो.

आता मूळ मुद्दा. सिटी बसने अचानक ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढे झुकतात, हा अनुभव सर्वांना आहे. दुचाकीचेही तसेच होते. ब्रेक लागताच गाडीचा आणि बसणाऱ्याचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. ज्या चाकावर भार जास्त, त्याची रस्त्यावर पकड जास्त. म्हणून जोराने थांबताना कामाचा मोठा वाटा, दोन-तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक, पुढचा ब्रेक करतो. मागचा ब्रेक कितीही जोराने दाबला तरी हलके झालेले चाक फार काही करू शकत नाही. ते जाम होते, टायरचा "कर्रर्र" आवाज येतो, मागची बाजू आडवी होऊ लागते, आणि गाडी पुढे जातच राहते. तो आवाज ऐकून लोकांना वाटते की काय जबरदस्त ब्रेक लागला!

विद्यार्थ्यांनो, वही घ्या. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. समोर गाय आडवी आली. दिसणे, समजणे आणि हात-पाय ब्रेकवर जाणे, यात साधारण एक सेकंद जातो, म्हणजे १४ मीटर तर ब्रेक लागण्यापूर्वीच गेले. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर सेकंदाला साधारण ७ मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी होतो असे धरा. वेगाच्या वर्गाला मंदनाच्या दुपटीने भागा : १९६ भागिले १४, उत्तर १४ मीटर. आता फक्त मागचा ब्रेक धरा. मंदन साधारण निम्मे, ३.५. अंतर २८ मीटर. फरक १४ मीटरचा.

पण खरा धक्का पुढे आहे. पहिला मुलगा जिथे पूर्ण थांबला, नेमक्या त्या जागी दुसऱ्या मुलाचा वेग किती असेल? सूत्र तेच आहे, स्वतः करून पाहा. १९६ मधून ९८ गेले, राहिले ९८, वर्गमूळ ९.९. म्हणजे ताशी साधारण ३५ किलोमीटर! एक जण गाईच्या शेपटीशी थांबून घाम पुसतो आहे आणि दुसरा पस्तीसच्या वेगाने तिच्यावर आदळतो आहे. दोघांची गाडी एक, टायर एक, रस्ता एक. फरक फक्त लहानपणी ऐकलेल्या एका वाक्याचा.

मग ती भीती निव्वळ खोटी आहे का? नाही, आणि इथे घरच्या वडीलधाऱ्यांना न्याय दिला पाहिजे. पुढचा ब्रेक दचकून, झटक्याने, सगळ्या मुठीने ओढला तर पुढचे चाक जाम होऊ शकते. फिरणारे चाक गाडीला दिशा देते आणि गाडीचा तोल सांभाळते. जाम झालेले चाक नुसते घसरते, कोणत्याही दिशेला. मागचे चाक घसरले तर सावरायला थोडा वेळ तरी मिळतो, पुढचे घसरले तर डोळ्याचे पाते लवायच्या आत माणूस जमिनीवर. काकांनी हे पाहिलेले असते, कधी भोगलेलेही असते. त्यांचे निरीक्षण बरोबर होते, त्यातून त्यांनी काढलेला धडा चुकला. "पुढचा ब्रेक झटक्याने ओढू नको, दाबत ने," असे सांगायला हवे होते. त्यातला "झटक्याने" हा शब्द कुठेतरी गळून गेला आणि ब्रेकच वर्ज्य झाला.

घर्षणाचे गणितही इथेच लागते. टेबलावर जड पुस्तक ठेवून बोटाने हळूहळू ढकलून पाहा. सुटण्यापूर्वी ते सर्वांत जास्त अडते, एकदा सरकू लागले की मग कमी जोर पुरतो. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, आणि आमच्या पुस्तकात या सर्वांत जास्त अडणाऱ्या अवस्थेला "सीमांत घर्षण" म्हणत. मला तो शब्द अजूनही फार आवडतो. टायरची रस्त्यावरची पकड अशीच सीमेपर्यंत वाढत जाते. सीमा ओलांडली, चाक जाम झाले, की पकड घटते. चांगला चालक तो, जो त्या सीमेच्या अलीकडे थांबतो. पण समोर ट्रक असताना, छातीत धडधडत असताना, ही सीमा बोटांना कशी कळावी?

ते काम एबीएस करते. अँटिलॉक ब्रेकिंग सिस्टीम, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची व्यवस्था. नव्या मोटरसायकलच्या पुढच्या चाकाकडे वाकून पाहा. डिस्कजवळ खाचा असलेली एक कडी दिसेल आणि तिच्या अगदी शेजारी एक छोटा सेन्सर. कडी चाकाबरोबर फिरते, सेन्सर खाचा मोजतो, आणि चाक किती वेगाने फिरते आहे हे एका छोट्या संगणकाला सतत कळत राहते. तुम्ही ब्रेक ओढला आणि चाकाचा वेग एकाएकी, गाडीच्या मानाने फारच उतरू लागला, की संगणक ओळखतो की चाक आता जाम होणार. लिव्हरपासून ब्रेककडे जाणाऱ्या ऑइलच्या वाटेत बारीक व्हॉल्व्ह बसवलेले असतात. त्यांतला एक बंद होतो, म्हणजे तुमच्या बोटांचा वाढीव दाब पुढे जात नाही. तेवढ्याने भागले नाही तर दुसरा उघडतो आणि थोडा दाब सोडून देतो. चाक पुन्हा फिरू लागते, तसा दाब पुन्हा चढवला जातो. हे सारे एका सेकंदात कितीतरी वेळा घडते.

भगिनींना कुकरची शिट्टी आठवेल. दाब जास्त झाला की शिट्टी थोडा सोडते, पुन्हा बसते, भात मात्र शिजत राहतो. फरक इतकाच की कुकरची शिट्टी ठरलेल्या दाबाला होते, आणि एबीएस दाब किती आहे ते न पाहता चाक काय करते आहे ते पाहते. म्हणून कोरड्या डांबरावर ते उशिरा मध्ये पडते, ओल्या मातीवर लगेच.

ही कल्पना नवी नाही. विमानाच्या चाकांसाठी डनलॉप कंपनीने केलेले "मॅक्सारेट" नावाचे यंत्र १९५८ साली ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने एका मोटरसायकलला लावून पाहिले होते. ती मोटरसायकल होती रॉयल एनफिल्ड, जिची बुलेट आपल्या घरांत दोन पिढ्या चालली! पण तेव्हा कंपनीला त्यात भविष्य दिसले नाही. पुढे १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूने इलेक्ट्रॉनिक एबीएस मोटरसायकलवर आणले. आपल्या देशात नियम झाला तो २०१६ च्या अधिसूचनेने. १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना मात्र सीबीएस पुरेल अशी सवलत मिळाली.

हे सीबीएस काय आहे, ते पालकांनी नीट समजून घ्यावे, कारण शोरूममध्ये "ब्रेकचे सेफ्टी फीचर आहे ना साहेब" म्हणून दोन्ही एकाच सुरात सांगितले जातात. सीबीएस म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा आपोआप लागतो, इतकेच. स्कूटरला डाव्या हाताचा लिव्हर, मोटरसायकलला पायाचा पेडल. पुढच्या ब्रेकला घाबरणाऱ्यांसाठी ती सोय चांगली आहे, मी तिला नावे ठेवत नाही. पण चाक जाम होऊ लागले तर ते सोडवण्याची कोणतीही व्यवस्था तिच्यात नाही. आणि गंमत पाहा, आपल्या घरांतल्या बहुतेक गाड्या १०० ते १२५ सीसीच्याच आहेत. ज्या गाडीवर बाबा ऑफिसला, आई बाजारात आणि मुलगी ट्यूशनला जाते, त्याच गाडीला सवलत! केंद्र शासनाने जून २०२५ मध्ये सर्व नव्या दुचाकींना एबीएस लावण्याचा मसुदा प्रसिद्ध केला, त्याचे मी मनापासून स्वागत केले होते. पण गाडी घेणाऱ्याने नियमाची वाट का पाहावी? १२५ सीसीच्या काही गाड्यांत एबीएसचा पर्याय मिळतो. सरळ विचारा, एबीएस आहे की सीबीएस? एका चाकाला आहे की दोन्ही? एकाच चाकाला असेल तर ते पुढचेच असते, आणि तेही फार मोठे काम आहे. मात्र अशा गाडीचे मागचे चाक जाम होऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.

आपण मराठी माणसे हिशेबी, यात गैर काही नाही. पण गाडी घेताना ॲव्हरेज किती, रंग कोणता, सीट कव्हर फुकट मिळेल का, हे तासभर बोलतो आणि ब्रेकवर एक प्रश्न विचारत नाही. दोन मॉडेलमधला काही हजारांचा फरक वाचवतो आणि तेवढ्यात मागे कॅरिअर, समोर लेग-गार्ड, वर मोबाईलचा होल्डर बसवून घेतो. ही बचत मला पटत नाही.

आता उज्जैनकडे येऊ. एबीएसची खरी किंमत पकड बदलणाऱ्या रस्त्यावर कळते, आणि असे रस्ते आपल्याकडे ठायी ठायी आहेत. माळव्याची काळी माती कोरडी असताना दगड, ओली झाली की साबण. सोयाबीन निघण्याच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्या शेतातून थेट डांबरावर चढतात आणि चाकांना चिकटलेला चिखल आगर रोडवर, देवास रोडवर पट्ट्या-पट्ट्यांनी सांडत जातात. त्यावर परतीच्या पावसाची एक सर आली की झाले. श्रावण-भादव्याच्या सोमवारी महाकालाची सवारी निघून गेली की तिच्या वाटेवर फुले आणि पाने ओल्या रस्त्याला चिकटून राहतात. जुन्या शहरातल्या उतारांवर गुळगुळीत फरश्या, चौकात रंगवलेले पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणे आहेतच. २०२८ च्या सिंहस्थाच्या तयारीने तर जिकडे तिकडे खोदकाम, खडी आणि वाळू आली आहे. दोन सेकंदांपूर्वी चाकाखाली कोरडे डांबर होते, आता चिखल आहे. बोटांना हा बदल कळायला वेळ लागतो, सेन्सरला लागत नाही.

आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल, की नेमक्या याच गोष्टीची चाचणी घेणारे केंद्र आपल्या शेजारी आहे. इंदूरच्या पलीकडे, धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला "नॅट्रॅक्स" हे वाहन चाचणी केंद्र आहे. त्याच्या ११.३ किलोमीटरच्या वेगवान ट्रॅकचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री श्री. प्रकाश जावडेकर यांनी केले. पेपरात फोटो त्या ट्रॅकचाच आला, वेगाचे कौतुक सर्वांना! पण त्याच आवारात एक ब्रेकिंग ट्रॅकही आहे. तिथे वेगवेगळ्या पकडीच्या पट्ट्या मुद्दाम बनवलेल्या आहेत आणि पाण्याने भिजवून त्यांवर गाड्यांचे ब्रेक तपासले जातात. खरबरीत पट्टीवरून गुळगुळीत पट्टीवर जाताना ब्रेक लावला तर चाक जाम होते का, हे पाहिले जाते. आगर रोडवर जे आपोआप घडते, ते तिथे मोजून घडवतात. पीथमपूरला शाळेची सहल काढता आली तर मुलांना फार मोठे शिक्षण मिळेल, परवानगीसाठी पत्रव्यवहार करावा असे मनात आहे.

एबीएसची स्तुती करताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर मुले म्हणतील की सरांनी सांगितले, आता पडत नाही. एबीएस पकड निर्माण करत नाही, असलेली पकड वाया जाऊ देत नाही. टायर गुळगुळीत झाला असेल तर संगणक काय करणार? सुट्या खडीवर तर एबीएसच्या गाडीला थांबायला उलट थोडे जास्त अंतर लागू शकते, गाडी सरळ राहते हा फायदा मात्र कायम. वळणावर गाडी तिरकी असताना जोराने ब्रेक दाबला तर साधे एबीएस पडण्यापासून वाचवेलच असे नाही. वळणापूर्वी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करावा. ताशी ८० ने जाणाऱ्याला तर एबीएसही वाचवू शकत नाही, कारण वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते. हे सूत्र कोणत्याही कंपनीला बदलता आलेले नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या विमा-सुरक्षा संस्थेच्या अभ्यासात एबीएस असलेल्या मोटरसायकलींचे प्राणघातक अपघात २० टक्क्यांहून अधिक कमी आढळले. तिथले रस्ते आणि गाड्या वेगळ्या, हे मान्य. पण पाचातला एक जीव वाचला तरी तो कोणाचा तरी मुलगा असतोच.

आता ब्रेक लावायचा कसा? नेहमीच्या थांबण्यात ॲक्सिलरेटर सोडावा, दोन्ही ब्रेक एकदम लावावेत, पुढचा हळू सुरू करून दाबत दाबत वाढवावा. लिंबू पिळतो तसा, दोरी हिसकतो तसा नाही. त्या पहिल्या अर्ध्या क्षणात भार पुढे सरकतो, पुढचा टायर रस्त्यावर बसतो, आणि मग तो मोठा दाब सहन करतो. हँडल सरळ, गुडघे टाकीला आवळलेले, नजर दूर. ज्याच्याकडे बघतो त्याच्यावरच गाडी जाते, हे प्रत्येक सायकलस्वाराला माहीत आहे. क्लच अगदी शेवटी, गाडी बंद पडू नये म्हणून. पुष्कळ जण आधी क्लच दाबतात, त्याने इंजिनाची अडवण निघून जाते आणि गाडी मोकळी पळते.

गाडी एबीएसची असेल आणि प्रसंग जिवावरचा असेल, तर दोन्ही ब्रेक पूर्ण दाबावेत आणि दाबूनच धरावेत. लिव्हर किंवा पेडल थरथरेल, टकटक जाणवेल. घाबरून सोडू नये, ते यंत्र आपले काम करते आहे. जुने चालक ब्रेक दाब-सोड करत, ते एबीएसच्या गाडीवर करू नये. बिनाएबीएसच्या गाडीवर मात्र पुढचे चाक घसरल्यासारखे वाटताच लिव्हर क्षणभर सैल करावा आणि पुन्हा नरमपणे दाबावा. हे लिहिणे सोपे आहे, करायला सराव लागतो.

स्कूटरवर पाय दोन्ही बाजूंना सोडून चपला घासत थांबण्याची जी पद्धत आपल्याकडे स्त्री-पुरुष दोघांतही दिसते, तिला मी ब्रेक म्हणत नाही. ब्रेक लागलेला असताना पाय फूटबोर्डवरच हवेत. फूटबोर्डवर पुढे उभे केलेले लहान मूल जोराच्या ब्रेकने सरळ हँडलवर आदळते, हेही लक्षात घ्या. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट कायद्याने आवश्यक आहे. शाळेच्या फाटकावर रोज सकाळी मी ज्या गाड्या पाहतो, त्यांत बाबांच्या डोक्यावर हेल्मेट असते आणि मागची दोन डोकी उघडी.

गाडी सुरू केल्यावर मीटरवर एबीएसचा दिवा लागतो आणि थोडे चालल्यावर विझतो. विझला नाही तर एबीएस बंद आहे असे समजून गॅरेजमध्ये दाखवावे. ब्रेक साधे चालतील, पण चाक जाम होणार नाही ही हमी गेली. पंचर काढताना चाक खोलले असेल तर सेन्सरची वायर नीट बसली का ते पाहावे. कडीवर काळी माती थापली असेल तर धुऊन काढावी.

आता एक आक्षेप, जो मला ठाऊक आहे की येणारच. "सर, शाळेतली बहुतेक मुले अठराच्या आतली. त्यांना ब्रेक शिकवणे म्हणजे गाडी चालवायला प्रोत्साहन देणे नव्हे का?" नव्हे. कायदा स्पष्ट आहे आणि शाळा त्याच्या बाजूने आहे. गिअरची मोटरसायकल किंवा नेहमीची स्कूटर चालवायला १८ वर्षे पूर्ण हवीत. सोळाव्या वर्षी जी सवलत आहे ती ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीची, तीही लायसन्ससह, आणि तशी पेट्रोलची गाडी आज बाजारात जवळजवळ नाहीच. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. कितीही चांगले एबीएस असले तरी सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती किल्ली देणे मला मान्य नाही, आणि अशी गाडी शाळेच्या स्टँडवर उभी राहू दिली जाणार नाही. या बाबतीत कोणाच्या ओळखीचा उपयोग होणार नाही, ओळख विश्वस्तांची असली तरी!

पण बारावीचा मुलगा वर्षभरात अठराचा होणार आहे. वाढदिवसाच्या दिवशी त्याला गाडी मिळेल, आणि ब्रेक त्याला चौकातला कोणी मित्र शिकवेल. तोच जुना धडा. शिवाय सायकल तर सहावीतला मुलगाही चालवतो. तिलाही पुढचा ब्रेक असतो, भार तिचाही पुढे सरकतो, आणि जरुरीपेक्षा जोराने ओढला तर ती पालथीही होते. हळू दाबत नेण्याची सवय सायकलवरच लागली, तर पुढे मोटरसायकलवर ती वेगळी शिकवावी लागणार नाही.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझा एक प्रस्ताव आहे. जानेवारीत शासनाचा रस्ता सुरक्षा महिना असतो. त्यातल्या एका रविवारी सकाळी फाटकापासून सभागृहापर्यंतचा सिमेंटचा पट्टा तीन तासांसाठी मोकळा ठेवावा. लायसन्स असलेले पालक आणि माजी विद्यार्थी आपापल्या गाड्या आणतील. वाहतूक पोलिसांकडून एक प्रशिक्षक मिळावा म्हणून विनंतीपत्र मी देईन. चुन्याची रेषा आखायची. रेषेवर ब्रेक लावायचा, एकदा फक्त मागचा, एकदा दोन्ही. वेग १५, २० आणि फार तर ३०, त्यावर नाही. अकरावी-बारावीची मुले बाजूला उभी राहून टेपने अंतर मोजतील आणि प्रयोगवहीत वेगाच्या वर्गाचा व अंतराचा आलेख काढतील. १५ वरून ३० वर गेल्यावर अंतर खरेच चौपट होते का, हे त्यांनी स्वतः मोजावे. सहावी ते आठवीची मुले पलीकडे मैदानात सायकलवर तोच सराव करतील.

नावे कार्यालयात शनिवारपर्यंत द्यावीत. टेप, चुना आणि शिट्टी शाळेची. हेल्मेट, लायसन्स आणि गाडीचे कागद ज्याने त्याने आणावेत, आणि येण्यापूर्वी दोन्ही टायरची हवा तपासून घ्यावी.